दप्तरातले पूर्वज आणि दालनातले पूर्वज

वऱ्हाडातील मनुष्याला आपल्या पणजोबांची गरज साधारणपणे दोन प्रसंगी पडते. एक, वैशाखात आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी पितरांच्या नावाने घागर भरताना. आणि दुसरा, घरातल्या मुलाला किंवा मुलीला राखीव जागेवर महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा असला म्हणजे जात पडताळणी समितीपुढे वंशावळ दाखल करताना. पहिल्या प्रसंगी पणजोबांचे नाव कोणाला आठवले नाही तरी कार्य अडत नाही, कारण नावे विसरलेल्या पितरांनाही त्या पाण्यात वाटा असतो. दुसऱ्या प्रसंगी मात्र नाव, बापाचे नाव, मौजे, तालुका, जात आणि नोंदीचे साल यांपैकी एकही बाब गळाली, तर पणजोबा जन्मास आलेच नव्हते असे समजून फाईल बंद होण्याचा संभव असतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभरच्या कलादालनांतून पूर्वज आणि स्वत्व हा विषय मांडणशिल्पाने ज्या आस्थेने हाताळला आहे, त्याचा आढावा अमरावती-अकोल्याकडे बसून घ्यावयाचा, तर हे दोन प्रसंग प्रथम समोर ठेवावेत असे मला वाटते; कारण पूर्वज हा येथे स्मरणरंजनाचा विषय कधीच नव्हता, तो एकीकडे देण्याघेण्याचा आणि दुसरीकडे दाखल्याचा विषय होता, आणि या दोन्ही बाजू ज्या कलाकृतीला दिसतात तीच माझ्या मते या क्षेत्रातील सरस कलाकृती ठरते.

चित्र भिंतीवर टांगतात, पुतळा चौथऱ्यावर उभा करतात, आणि दोहोंपुढे प्रेक्षक अंतर राखून उभा राहतो. मांडणशिल्पात खोलीच कलाकृती होते. प्रेक्षक तीत शिरतो, वस्तूंच्या मधून चालतो, वास घेतो, वाट चुकतो, आणि बाहेर पडल्यावर त्या मांडणीचे विसर्जन झाले तरी तिचा आकार त्याच्या अंगात उरतो. अशा कलेला मृतांचा विषय जवळचा वाटावा यात नवल नाही. फ्रान्सच्या ख्रिस्तियाँ बोल्तान्स्कीने २०१० साली पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये वापरलेल्या कपड्यांचे ढीग रचले. कोरियाच्या दो हो सू याने आपल्या वडिलांचे सेऊलमधील घर पारदर्शक रेशमात शिवून दालनात लोंबते ठेवले. जपानच्या चिहारू शिओता हिने २०१५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत लोकांकडून मागून आणलेल्या हजारो किल्ल्या तांबड्या धाग्यांच्या जाळ्यात टांगल्या. या कृतींचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या अनुकरणाने आज पेठ भरली आहे. आजीची ट्रंक, पिवळी पडलेली छायाचित्रे, गंजलेला अडकित्ता आणि वरून सोडलेला एक मंद दिवा एवढ्या साहित्यावर ‘माझी मुळे’ असा फलक लावणारी प्रदर्शने मुंबई-पुण्यातच नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या चित्रकला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांतही दिसू लागली आहेत. त्यांतील ट्रंक उघडून पाहण्याची तसदी, माझ्या अनुभवाप्रमाणे, खुद्द मांडणाऱ्यानेही क्वचितच घेतलेली असते.

ट्रंक खरोखर उघडणाऱ्या भारतीय कलावंतांत विवान सुंदरम् यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९९५ साली त्यांनी ‘शेर-गिल आर्काइव्ह’ ही मांडणी केली आणि पुढे काही वर्षांनी आपले मातामह उमरावसिंग शेर-गिल यांनी काढलेली कौटुंबिक छायाचित्रे एकमेकांत गुंफून मावशी अमृता शेर-गिल हिच्या कुटुंबाचा एक नवीच चित्रमालिका उभी केली, जीत बाप आणि मुलगी, तारुण्य आणि वार्धक्य, लाहोर आणि बुडापेस्ट एकाच आरशात डोकावतात. कुळाकडे केवळ भक्तीने न पाहता त्यातील आकर्षण, स्पर्धा आणि अहंता यांकडेही पाहण्याचे धैर्य त्या कृतीत आहे. जितीश कल्लट यांच्या ‘एपिलॉग’ या मांडणीत दिवंगत वडिलांच्या आयुष्यात उगवलेले बावीस हजारांहून अधिक चंद्र पोळ्यांच्या कलांनी दाखविले आहेत: कुठे पूर्ण पोळी, कुठे अर्धी, कुठे नुसती कोर. बापाचे आयुष्य पोटाच्या हिशेबाने मोजण्याची ही कल्पना इतकी देशी आहे की तिला स्पष्टीकरणाचा फलक लागत नाही. तथापि येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सुंदरमांच्या मातामहांच्या हाती विसाव्या शतकाच्या आरंभीच कॅमेरा होता. ज्यांच्या घरी कॅमेरा, दैनंदिनी, पत्रव्यवहार किंवा सनद होती, त्यांच्या नातवांना पूर्वज शोधावे लागत नाहीत, निवडावे लागतात. अमरावतीस दादासाहेब खापर्ड्यांसारखा नित्यनेमाने दैनंदिनी लिहिणारा पुरुष होऊन गेला, वऱ्हाडातील देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून इनामाचे कागद निघाले, आणि या. मा. काळे यांच्यासारख्यांनी अशा साधनांवरून ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. पण त्याच वाड्याच्या मागल्या दाराने पाणी भरणाऱ्याच्या, किंवा गावकुसाबाहेर राहून सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविणाऱ्याच्या नातवाने आपला आजा कोठे पाहावा?

तो आजा कोतवाल बुकात आहे. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२-०३ मध्ये सालाना २५ लक्ष रुपयांच्या कायम पट्ट्याने त्यांच्याकडे राहून मध्यप्रांतास जोडला गेला, आणि या मुलखाच्या गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद ठेवण्याचा जो रिवाज पडला त्याची ही वही. गावचा कोतवाल मेलेल्याचे नाव सांगणार, लिहिणारा ते कानावर पडेल तसे लिहिणार. मृताचे नाव, बापाचे नाव, जात, वय अदमासे, आणि मृत्यूचे कारण म्हणून बहुधा ‘ताप’ किंवा ‘हगवण’ यांपैकी एक शब्द. शाई विटलेली, कागद कडेने कुरतडलेला, आणि लिपी कधी मोडी तर कधी बाळबोध. आज तहसील कचेरीच्या दप्तरखान्यातून या नोंदीची नक्कल काढण्यासाठी अर्ज, तिकीट आणि खेटे यांची जी मालिका सुरू होते, तिच्याइतका पूर्वजशोध वऱ्हाडात दुसऱ्या कोणत्याही कारणाने होत नाही. कायद्याने त्या शोधाला तारखाही बांधून दिल्या आहेत: अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरिता ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गाकरिता १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या अलीकडचा आजा पुराव्याला अपुरा पडतो, पलीकडचा सापडला तर भाग्य. नोंद लिहिणाऱ्याने एखाद्याच्या जातीपुढे धंद्याचे नाव लिहिले की धंदाच जात होऊन बसे, आणि तीन पिढ्यांनंतर त्या एका शब्दावर उच्च न्यायालयात वाद चाले. कोष्टी हे हलबा या अनुसूचित जमातीत मोडतात काय या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद खटल्यात २८ नोव्हेंबर २००० रोजी जो निर्णय दिला, त्याने विदर्भातील हजारो कुटुंबांच्या स्वत्वाची व्याख्या अनुसूचीतील अक्षरांवर येऊन थांबली. फासेपारध्यांची गोष्ट आणखी निराळी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू केलेली नावनिशी १९५२ साली रद्द झाली, म्हणजे त्यांच्या आजा-पणजांची सर्वांत तपशीलवार नोंद जर कोठे असेल तर ती पोलीस ठाण्याच्या हजेरीत.

ज्या समाजाला आपले पूर्वज सरकारच्या कागदावरूनच परत मिळवावे लागतात, त्या समाजाच्या कलावंताने काय करावे, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत समर्थ उत्तर वऱ्हाडापासून फार दूर दिले गेले. ऑस्ट्रेलियाचा आदिवासी कलावंत आर्ची मूर याने २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत आपल्या देशाच्या दालनात ‘किथ अँड किन’ ही मांडणी केली आणि तिला सुवर्णसिंहाचे पारितोषिक मिळाले. दालनाच्या भिंती आणि छत काळ्या फळ्यासारखे रंगविलेले. त्यांवर पांढऱ्या खडूने, हाताने, चौकटीला चौकट जोडीत त्याने आपल्या कामिलारोई आणि बिगाम्बुल वंशाची वंशावळ काढली. डोळ्यांच्या उंचीवर आई-बाप, आजा-आजी, त्यांची नावे; वर जावे तसतशी नावे कागदपत्रांतील शिव्यांत बदलत जातात, कारण वसाहतीच्या काळच्या दप्तरांत त्यांच्या पूर्वजांना नावे नव्हतीच; त्याहून वर जुन्या भाषेतील नात्यांचे शब्द; आणि छतापर्यंत पोचेतो ६५,००० वर्षे आणि सुमारे २,४०० पिढ्या ओलांडून ती वंशावळ आकाशातील ताऱ्यांसारखी अस्पष्ट होते. मधे मधे काळी भोके आहेत: जेथे साथीने किंवा कत्तलीने वंशच तुटला तेथे. दालनाच्या मध्यभागी पाण्याने वेढलेल्या एका मोठ्या पांढऱ्या मेजावर सरकारी कागदांचे गठ्ठे रचले होते, त्यांतील बहुतेक कोठडीत मरण पावलेल्या आदिवासींच्या मृत्युचौकशीचे अहवाल, नावे काळी करून टाकलेले. पाण्यामुळे प्रेक्षकाला गठ्ठ्याजवळ जाता येत नाही. जात पडताळणीच्या कचेरीबाहेर प्लॅस्टिकच्या पिशवीत वंशावळीचा कागद धरून बसलेल्या कोणत्याही बापाला ती मांडणी पाच मिनिटांत उमगेल, आणि कलासमीक्षकाला कदाचित थोडा अधिक वेळ लागेल.

आपल्याकडे कागदाच्या या बाजूशी सर्वांत चिकाटीने झुंजलेल्या कलावंत म्हणजे मुंबईच्या रीना सैनी कल्लट. कचेरीतल्या रबरी शिक्क्याला त्यांनी आपले माध्यम केले. ‘सिनोनिम’ या मालिकेत हरवलेल्या म्हणून नोंद झालेल्या माणसांची नावे वेगवेगळ्या भारतीय लिप्यांत कोरलेले शेकडो शिक्के अशा रीतीने जोडले आहेत की दुरून पाहता त्यांतून एक मानवी चेहरा दिसावा आणि जवळ जाताच तो विरून केवळ नावे उरावीत. २०१३ साली भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भागावर त्यांनी शिक्क्यांचेच एक प्रचंड कोळ्याचे जाळे टाकले होते आणि प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतील रस्त्यांची बदललेली जुनी नावे होती. शिक्का जसा माणसाला मान्यता देतो तसाच तो त्याला पुसूनही टाकतो, हे समजण्यास वऱ्हाडी माणसाला कलेची दीक्षा लागत नाही. शेतकरी आत्महत्यांच्या प्रकरणांत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन शिक्के त्याने आपल्या जिल्ह्यात पाहिलेले आहेत, आणि सातबारावर नाव नसल्यामुळे शेतात राबून मेलेली बाई शेतकरी ठरत नाही हेही त्याला माहीत आहे.

बाईचा उल्लेख आला आहे तर वंशावळीच्या तक्त्यातील सर्वांत मोठ्या उणिवेकडे वळणे इष्ट. पडताळणीसाठी लिहिला जाणारा तक्ता मूळ पुरुषापासून निघतो, त्याचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे अशा फांद्या फुटतात. मुलगी आलीच तर तिच्या नावापाशी रेघ थांबते, आणि आई तर बहुधा असतच नाही. सात पिढ्यांचा तो कागद वाचून कोणी परका असा तर्क करील की वऱ्हाडात पुरुष पुरुषांनाच जन्म देत आले. स्त्रीची परंपरा कागदाच्या बाहेर, म्हणजे हातातून हातात गेली: गोधडीचा टाका, कुरडईचा चीक, जात्यावरची ओवी, आणि पातळाच्या चिंध्यांतून उरलेला रंग. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांची मांडणशिल्पे मला महत्त्वाची वाटतात ती यासाठी, की त्यांनी आपल्या दलित मातृकुळाचा शोध नावांतून न घेता अन्नातून आणि पाण्यातून घेतला. मराठीतील आणि इतर भाषांतील दलित आत्मकथनांत भुकेची आणि जेवणाची जी वर्णने आहेत, त्यांवरून त्यांनी पाककृतींच्या पुस्तिका रचल्या, आणि घरातील माणसे पंगतीत, वाढदिवसाला, सहलीत जेवताना दिसतात अशी कौटुंबिक छायाचित्रे त्यांच्यासोबत मांडली. उपाशी पिढीची पाककृती आणि पोटभर जेवणाऱ्या पिढीचे छायाचित्र शेजारी ठेवले की त्यांच्या मधला काळ सांगावा लागत नाही. दुसऱ्या एका कृतीत पंचगव्याने भरलेले पेले ओळीने ठेवून गुडी पाण्याची जात विचारतात, तेव्हा महाडच्या चवदार तळ्यावर मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर १०८ घडे ओतून केलेली शुद्धी आठवल्यावाचून राहत नाही. आणि अमरावतीकराला त्याच वर्षी अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी शहरात उठलेले वादळ आणि नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेली परिषदही आठवावी. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्याच्या स्वयंपाकाविषयी जे लेखणीने केले, ते गुडी यांनी दालनात केले असे म्हणता येईल. वऱ्हाडच्या बौद्ध वस्त्यांतील चुलीवर अजून कोणी असे काम केलेले नाही, असा माझा समज आहे, आणि तो खोटा ठरावा अशी इच्छा आहे.

वऱ्हाडाच्या पूर्वेस, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्यात सास्ती हे गाव आहे. तेथे १९८६ साली प्रभाकर पाचपुते यांचा जन्म झाला. घरातील पिढ्या कोळशाच्या खाणीत राबलेल्या, जमीन खाणीत गेलेली. खैरागड आणि बडोदे येथे शिल्पकला शिकून मुंबईत आलेल्या या तरुणाने २०१२ साली क्लार्क हाउस इनिशिएटिव्हमध्ये ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे पहिले प्रदर्शन मांडले, तेव्हा त्याने चित्रकाराच्या रंगपेटीला हात न लावता कोळसाच हाती घेतला आणि भिंतीवर, भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून कोपऱ्यात अशी खाणकामगारांची आकृती पसरवली. डोक्याच्या जागी दिवा असलेली माणसे, पोटात बोगदा असलेले पशू, पाठीवर डोंगर वाहणारी देहे. पूर्वजांनी जो पदार्थ खणून काढला आणि ज्याने त्यांची फुप्फुसे भरली, तोच पदार्थ नातवाच्या हातात रेघ होऊन आला, ही गोष्ट रूपकाच्या पलीकडची आहे. तेथे साहित्य आणि विषय यांत अंतरच नाही. प्रदर्शन संपले की कोळशाची ती भिंत पुसली जाते. या पुसण्याची हळहळ करणारे रसिक मला भेटले आहेत, पण ज्या गावाची जमीनच वरची माती काढून उलटी केली जाते त्या गावच्या कलावंताने टिकाऊ कृती करण्याचा आग्रह का धरावा, हे मला समजलेले नाही. पुढे वेल्समधील आर्टेस मुंडी या पारितोषिकासाठी त्यांनी तेथील खाणकामगारांच्या निशाणांचा आणि लढ्यांचा आपल्या गावाशी सांधा जुळविला. २०२१ साली ते पारितोषिक अंतिम यादीतील सहाही कलावंतांत वाटून देण्यात आले. कोळशाला जात नसते, पण खाणीत उतरणाऱ्याला असते, हा धागा मात्र त्यांच्या कृतींत जितका स्पष्ट व्हावा तितका झालेला नाही, असे माझे मत आहे. तो धागा नागपूरच्या सवी सावरकरांच्या चित्रांत आहे, जेथे गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस पाहणाऱ्याकडे रोखून पाहतो. परंतु सावरकर हे मूलतः चित्र आणि मुद्रा यांचे कलावंत, त्यांच्याकडे खोलीची मांडणी शोधणे व्यर्थ.

वडील-आजोबांच्या कलेलाच वारसा मानणारा मार्ग मुंबईच्या अमोल पाटील यांचा. आजोबा पोवाडे गाणारे, वडील कामगार रंगभूमीवर नाटके लिहिणारे. चाळीच्या खोलीतले आवाज, सफाई कामगारांच्या हालचाली आणि वडिलांची हस्तलिखिते यांची मांडणी ते करतात, आणि २०२२ साली जर्मनीतील कास्सेलच्या पंधराव्या डॉक्युमेंटात ती मांडली गेली. शाहिराच्या डफाला कास्सेलमध्ये जागा मिळते आणि अमरावतीच्या सांस्कृतिक भवनात मिळत नाही, यावर अग्रलेख लिहिण्याचा मोह मी आवरतो.

कारण वऱ्हाडात मांडणीची परंपरा नाही असे म्हणणेच मुळी चुकीचे होईल. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. गोविंदप्रभू तेथे वावरले, आणि चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथेच जमा केल्या. तेथे जाणाऱ्या परक्याला प्रथम जाणवते ते मूर्तीचे नसणे. स्वामी जेथे बसले, जेथे निजले, जेथे कोणाशी बोलले, तेथे एकेक ओटा. चुन्याने सारवलेला किंवा दगडात घडविलेला, वर काहीही कोरलेले नाही. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’त या स्थानांची दिशांसह, दाराच्या तोंडासह, मागच्या-पुढच्या देवळांच्या संदर्भासह जी नोंद आहे, ती वाचताना आपण एखाद्या मोजणी अमिनाचा जबाब वाचीत आहोत असे वाटते. माणसाच्या जागी त्याची बसण्याची जागा ठेवणे, आणि ती जागा इतक्या काटेकोरपणे मोजणे की सातशे वर्षांनी येणाऱ्यालाही तो कोठे होता हे बोट दाखवून सांगता यावे, याहून संयमी मांडणी मला आधुनिक दालनांत अभावानेच दिसली आहे.

आखजीची मांडणी त्यामानाने घरगुती. कुंभाराकडून तांबड्या मातीची दोन मडकी येतात, करा आणि केळी. पत्रावळीवर किंवा पाटावर गहू पसरून त्यांवर ती ठेवतात, पाण्यात वाळा टाकतात, गळ्याला सूत गुंडाळतात, तोंडावर खरबूज किंवा कैरी ठेवतात. पुरणपोळी, पन्हे, कुरडई यांचे पान वाढून विस्तवावर घास टाकतात. खानदेशाकडील आणि त्या सीमेवरच्या घरांत उंबरठ्यावर एकेका पूर्वजाचे नाव घेत कुंकवाचे एकेक बोट उमटवतात, आणि नाव आठवेनासे झाले की म्हातारी आणखी दोन बोटे उमटवून थांबते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की दोन मडक्यांपैकी एक पुरुष पितरांचे असते तर एक स्त्री पितरांचे. सरकारी तक्त्यात जिला घर मिळाले नाही तिला कुंभाराने घडविलेल्या मडक्यात बरोबरीचे पाणी मिळते. अर्थात प्रत्येक विधीला ‘आमचे प्राचीन मांडणशिल्प’ म्हणून मिरविण्याची जी हौस अलीकडे दिसते ती मला मान्य नाही. विधीला प्रेक्षक नसतो, फक्त करणारे असतात, आणि मडकी उचलून दालनात नेली की त्यांतील पाणी कोणासाठीच उरत नाही. कलावंताला येथून उचलण्यासारखे काही असेल तर ते मडके नव्हे, मडक्यांची ती समान वाटणी आहे.

हा भेद ओळखून काम करणाऱ्यांत नागपूरच्या श्वेता भट्टड यांचा उल्लेख करावा लागेल. त्यांच्या पुढाकाराने छिंदवाड्याकडील सौंसर भागातल्या परडसिंगा या मराठी बोलणाऱ्या गावात ग्राम आर्ट प्रोजेक्ट उभा राहिला, आणि तेथे शेतकरी, बाया आणि कलावंत मिळून शेतातच पिकांची चित्रे पेरतात, देशी कापूस वेचतात, पिंजतात, कातून त्याच्या राख्या करतात ज्यांत बी असते. कापूस हा वऱ्हाडचा खरा पूर्वज. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६० च्या दशकात त्याला सोन्याचा भाव आला, त्याच्यासाठी आगगाडी अकोल्या-अमरावतीकडे धावली, खामगावची बाजारपेठ उभी राहिली, आणि त्याच कापसाने पुढे घराघरांत कर्जाची वही उघडली. परडसिंग्याच्या कामात वंशाचा विचार माणसाकडून बियाण्याकडे सरकतो, आणि ‘आपले’ बियाणे कोणते हा प्रश्न बाजारात दर हंगामाला विकत घ्याव्या लागणाऱ्या पाकिटापुढे जितका तीक्ष्ण होतो तितका तो कोणत्याही दालनात होणार नाही.

शेवटचा विषय मेळघाटचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकूंमध्ये मृताच्या नावाने सिडोलीचा विधी करून सागाची कोरीव फळी रोवण्याची चाल आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात तिचे वर्णन सापडते आणि पुढे स्टीफन फुक्स यांनीही ते सविस्तर केले. फळीवर वर चंद्र आणि सूर्य, खाली घोड्यावरचा स्वार, कधी नाचणारी माणसे. गावाबाहेर ठरलेल्या झाडाखाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या फळ्या दाटीने उभ्या, जुन्या कलत्या, वाळवी लागलेल्या, नव्या सरळ. त्या पडू द्यावयाच्या असतात. पडणे हाच त्यांचा शेवट. देशातल्या आणि परदेशातल्या संग्राहकांनी मात्र अशा फळ्या उचलून संग्रहालयांत नेल्या, जंतुनाशक चोळले, क्रमांक दिला, आणि त्यांचा शेवट थांबविला. अमेरिकेच्या फ्रेड विल्सनने १९९२ साली बाल्टिमोरच्या एका संग्रहालयात चांदीच्या सुरया आणि गुलामांच्या बेड्या एकाच कपाटात ठेवून संग्रहालयाच्या मालकीहक्काची झडती घेतली होती; कोरकूंच्या फळ्यांच्या बाबतीत तशी झडती आपल्याकडे, माझ्या माहितीप्रमाणे, अजून कोणी घेतलेली नाही.

परंतु याहून निकडीचा प्रश्न संग्रहालयाबाहेरचा आहे. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, आणि पुढे बोरी, कोहा, कुंड येथून आरंभ होऊन केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा अशी गावे एकामागून एक अकोला जिल्ह्याच्या अकोट बाजूला पायथ्याशी आणून वसविली गेली. मोबदल्याच्या यादीत घर आले, जमीन आली, कुटुंबाच्या घटकाची व्याख्या आली. २०१९ च्या जानेवारीत काही पुनर्वसित कुटुंबे आपल्या जुन्या गावी परत गेली आणि वनखात्याच्या माणसांशी त्यांची झटापट झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती पाणी, शेत आणि दवाखाना यांची, आणि ती योग्यच होती. जंगलात मागे राहिलेल्या मृतांच्या जागेची मात्र कोणत्याही तक्त्यात नोंद करावी असे कोणाला सुचले नाही, कारण ती स्थावर की जंगम हेच ठरविणे कठीण. नवी फळी आता कोठे रोवावयाची, अकोटच्या काळ्या जमिनीत की वर, जेथे जाण्यास परवाना लागतो? मेळघाटावर मांडणशिल्प करू इच्छिणारे तरुण हल्ली माझ्याकडे विषय विचारावयास येतात. त्यांना मी प्रथम अकोटला जाऊन त्या वस्त्यांतील जाणत्यांना हे विचारावयास सांगतो, आणि उत्तर मिळेपर्यंत लाकडाला हात लावू नये असेही सांगतो.